दुबार

आधीच सांगते, या हकिगतीत मी कुणाचंही नाव घेणार नाही. भीड म्हणून नाही, धसका घेतलाय म्हणून. एका नावापायी मी चालत्या-बोलत्या बाईला गावाच्या यादीतून उडवलं आणि त्याची शिक्षा म्हणून चार महिने हिरव्या मिरच्या खाल्ल्या. अख्ख्या.

हसनाबादच्या पुढं आत गेलं की एक गाव लागतं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. शिकवते म्हणजे वेळ उरला तर शिकवते, बाकी वेळ सरकार सांगेल ते मोजत फिरते. त्यात बारा वर्षांपूर्वी बीएलओचं काम माझ्या गळ्यात पडलं. बीएलओ म्हणजे गावच्या मतदार यादीची राखणदारीण. कोण अठराचं झालं ते लिहायचं, कोण वारलं ते खोडायचं, सुना आत घ्यायच्या, लेकी बाहेर काढायच्या. चित्रगुप्ताचं काम म्हणा ना, फक्त चित्रगुप्ताला उन्हातान्हात स्कूटी हाणत फिरावं लागत नाही.

आमच्या शाळेत खिचडी शिजवायला एक बाई आहे. पन्नाशीची, सडसडीत, तोंडानं फटकळ. सगळं गाव तिला मावशी म्हणतं. पोरं मावशी म्हणतात, पोरांचे बाप मावशी म्हणतात, मुख्याध्यापक तिच्यापेक्षा मोठे आहेत तेही मावशीच म्हणतात. मीही म्हणते. पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं खिचडी चाखायची आणि चव रजिस्टरात सही करायची असा नियम आहे. मुख्याध्यापकांना ॲसिडिटी, म्हणून चाखायची पाळी कायम माझी. रोज मावशी पळी पुढं करणार आणि म्हणणार, "घ्या मॅडम, जगता का मरता बघा आधी." नवऱ्यानं तिला टाकलंय आणि ती गावाच्या खालच्या अंगाला दोन खोल्यांत एकटी राहते, एवढंच मला ठाऊक होतं. नवरा कोण, ते तिनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी एकाच वर्षात दोन निवडणुका आल्या, उन्हाळ्यात दिल्लीची आणि दिवाळीनंतर मुंबईची. गावात पहिलीला 'मोठं इलेक्शन' म्हणतात आणि दुसरीला 'आपलं'. मोठ्या इलेक्शनच्या आधी, हिवाळ्यात, तहसीलमधून माझ्याकडं एक कागद आला. यादीत दोनदा आलेली नावं शोधा आणि दुबार असतील तर एक काढा. त्यात एक जोडी होती. बाईचं नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, आडनाव तेच. वयात दहा-बारा वर्षांचा फरक, पण आमच्या यादीत वयाचा काय भरवसा, माझ्याच यादीत एक मुलगा बापापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे. फोटो बघावेत तर दोन्हीकडं काळा डाग आणि त्याला पदर.

नियम म्हणतो घरी जाऊन खात्री करा. मी पारापर्यंत गेले. तिथं यादीतला तो नवराच बसलेला, तंबाखू मळत. मी मनात म्हटलं, वा, फेरा वाचला.

"काका," मी म्हटलं, "या नावाच्या दोन बाया दिसतायत यादीत. तुमच्या घरात किती?"

त्यानं तंबाखूवर थाप मारली. पापणी लवली नाही की काही नाही.

"एकच हाय."

मळताना त्याची बाही वर सरकलेली होती. मनगटाच्या वर निळ्या अक्षरांत नाव गोंदलेलं. यादीतलंच नाव. मला अगदी भरून आलं हो. म्हटलं, बघा, आमच्या ह्यांना लग्नाची तारीख लक्षात राहत नाही आणि इथं माणसानं बायकोचं नाव हातावर कोरून घेतलंय! याच्यापुढं आणखी कसली खात्री करायची? मी कागदावर लिहिलं 'दुबार', जुनं नाव काढायची शिफारस केली आणि घरी येऊन निवांत चहा प्याले. रीतसर नोटीस निघाली, तीही त्याच्याच पत्त्यावर गेली. त्यानं ती काय केली ते मला पुढं कळायचं होतं.

मोठं इलेक्शन मे महिन्यात. ऊन असं की शाळेच्या पत्र्याखाली माणूस भाजून निघावा. मतदान शाळेतच. आदल्या दिवशी पेट्या घेऊन मतदान घेणाऱ्या साहेबांची पार्टी आली, त्यांच्या जेवणाचं मावशीकडं. सकाळी सगळ्यांना चहा-पोहे देऊन तिनं हात धुतले, ठेवणीतली हिरवी साडी नेसून आली आणि सात वाजता बायांच्या रांगेत पहिली उभी राहिली. मी बाहेर लिंबाखाली टेबल टाकून यादी घेऊन बसलेले. खालच्या अंगाच्या चिठ्ठ्या दर वेळी कोतवाल वाटायचा; या खेपेला मावशीची चिठ्ठी आलीच नव्हती, पण ती म्हणाली होती, "राहू द्या हो, मला काय चिठ्ठी लागती? माझं नाव मला तोंडपाठ हाय." मीही म्हटलं, बरं.

पाच मिनिटांत ती बाहेर आली. बोटाला शाई नव्हती.

"मॅडम, आतला साहेब म्हणतो कार्डाचा नंबर जुळत न्हाई, ह्या तुम्ही न्हाईत. जरा माझं नाव बघा बरं."

"सांगा मावशी, पूर्ण नाव काय तुमचं?"

तिनं सांगितलं. आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, बकरीला हाकारावं तसं खणखणीत, मग आडनाव. माझं बोट यादीवर फिरता फिरता थांबलं. बारा वर्षं जिच्या हातचं रोज चाखत होते, तिचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, आणि ऐकत होते तेही मी खोडून झाल्यावर.

तेवढ्यात फटफटी थांबली. पारावरचा काका उतरला, मागून त्याची बायको. तिनं माझ्यापुढं चिठ्ठी धरली. चिठ्ठीवर तेच नाव, तोच नवरा, तेच आडनाव, आणि आमची चूक दाखवायला टेबलाच्या एका बाजूला ही नि दुसऱ्या बाजूला ती. काका लिंबाकडं बघायला लागला. लिंबात बघण्यासारखं काही नव्हतं.

रांगेत बाया कुजबुजल्या, बाप्ये खिदळले. एक जण म्हणाला, "एका नावावर दोन बाया चालतेत, मंग दोन मतं काहून चालत न्हाईत?" दोन्ही पक्षांचे एजंट आधी तावातावानं भांडले. मग मावशीचं मत नेमकं कुणाला जाईल याचा दोघांनाही अंदाज येईना, तेव्हा दोघंही गप्प बसून पोहे खायला लागले. केंद्राध्यक्ष भला माणूस, पण तो तरी काय करणार. यादीत नाव नाही, विषय संपला.

मावशी माझ्यापाशी आली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मॅडम, त्यानं मला घरातून काढलं. का, तर माझं तोंड लई चालतं. ठीक हाय, त्याचं घर होतं. पर मी दर बारीला ह्या रांगेत यायची. वर्षाचे सगळे दिवस तो फटफटीवर आन मी चुलीपाशी. ह्या एका दिवशी त्याचं एक आन माझंबी एक. बराबर. तेवढं एक होतं हो माझं. ते तुम्ही काढलं."

आणि ती गेली, पार्टीच्या दुपारच्या भाकरी थापायला. तिच्या भाकरी त्या दिवशीही गोलच झाल्या. माझ्या ताटात मात्र पिठलं इतकं तिखट आलं की केंद्राध्यक्षांनी मला रुमाल दिला. बाकी कुणाला लागलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी पळी पुढं आली, "घ्या मॅडम." मी तोंडात घातली आणि ब्रह्मांड आठवलं. खिचडीच्या मधोमध अख्खी हिरवी मिरची लपवलेली. डोळ्यांतून पाणी काढत मी रजिस्टरात लिहिलं, 'चव उत्तम.' दुसरं काय लिहिणार? मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार हळव्या आहात, खिचडी खाताना रडता." दुसऱ्या दिवशी पुन्हा मिरची. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

चौथ्या दिवशी मी फॉर्म घेऊन चुलीपाशी बसले. सहा नंबरचा, नवीन नावाचा.

"मावशी, यात नवऱ्याचंच नाव लागतं असं नाही. वडिलांचं लावता येतं, आईचं लावता येतं. वडिलांचं लावू. त्या माणसाचा कशाला विटाळ? शिवाय पुन्हा दुबार व्हायला नको."

माझ्या मते मी मोठी क्रांती सुचवली होती. मावशीनं उलथनं आपटलं.

"मी काहून बदलू? नाव माझं हाय. बारशाला माझ्या आत्यानं ठेवल्यालं. लगीन माझं पहिलं. मागून आली तिला बदलाय लावा. जसं होतं तसंच लिवा, काना-मात्रा हलायला न्हाई पाहिजे."

जसं होतं तसंच लिहिलं, आणि जे व्हायचं तेच झालं. पावसाळ्यात तहसीलमधून कागद आला: सारखी दोन नावं, खात्री करा. या खेपेला मी पारापाशी थांबले नाही. काका बाजारला गेलाय अशी खबर काढली आणि थेट घरी गेले.

काकाची धाकटी बायको ओसरीवर मिरच्या निवडत बसली होती. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारला न्यायचा माल, अंगणभर हिरवागार ढीग. मी विषय कसा काढावा या विचारात, तर तिनंच ढिगातून पसाभर मिरच्या बाजूला केल्या.

"ह्या त्यायच्या."

"कुणाच्या?"

"मावशीच्या. त्या म्हणल्या, तुम्हाला रोज लागतेत."

घ्या! म्हणजे माझ्या डोळ्यांतल्या पाण्याचा पुरवठा इथून होत होता. या दोघी एकमेकींचं तोंड बघत नसतील असं मी समजून चालले होते. गाव समजत होतं, काकाही समजत होता. कसचं काय! खालच्या विहिरीवर धुणं धुताना दोघींचं रोजचं बोलणं.

"मॅडम, खरं सांगू का," धाकटी म्हणाली, "हे नाव माझं न्हाईच."

मग तिनं सांगितलं. काकानं पहिल्या लग्नाच्या नवलाईत रेणुकाईच्या जत्रेत बायकोचं नाव हातावर गोंदून घेतलं होतं. पुढं बायकोचं तोंड चालायला लागलं. बायको काढता आली, गोंदलेलं निघेना. चुना लावून बघितला, बिब्बा लावून बघितला, हाताला नुसते फोड आले. शेवटी दुसऱ्या लग्नात तांदळाच्या ताटात नव्या नवरीचं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा यानं बोटानं तेच जुनं नाव लिहिलं. हात बदलता येत नाही, बाई बदलता येते, हा त्याचा हिशेब.

"माझ्या मायनं इचारलं, पहिलीचं नाव हिला काहून? तर म्हणले, हातावर लिव्हल्यालं हाय, खर्चा वाया जाईन."

मी हसायला नको होतं. पण आधी तीच हसली, मग मीही आवरलं नाही, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मिरच्यांचे हात डोळ्यांना लावले म्हणून आणखीच भरले.

"पंधरा वर्सं झाले, मला कोणी त्या नावानं हाक मारली की मी आधी मागं वळून बघते, कोणाला बोलावून राह्यले म्हणून. तुमच्या कागदावर माझं नाव मला परत भेटंल का वो?"

"भेटेल की! आठ नंबरचा फॉर्म. नाव दुरुस्त करा नाहीतर एका गावातून दुसऱ्या गावात हलवा, दहा मिनिटांचं काम आहे. तेवढाही वेळ माणसं काढत नाहीत, त्याला कोण काय करणार?" हे मी फार तोऱ्यात म्हटलं, ते लक्षात ठेवा.

पुरावा हवा होता. तिनं आतून पत्र्याचा डबा आणला, तळातून माहेरच्या शाळेचा सातवीचा दाखला काढला. त्याच्यावर एक घडी घातलेला कागद होता. माझ्या हिवाळ्यातली नोटीस. काकानं ती चूल पेटवायला दिली होती, हिनं वाचून ठेवून दिली. दाखल्यावर तिचं खरं नाव होतं. तिनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. सुरेख नाव होतं. सांगणार नाही म्हटलंय ना, नाहीच सांगणार.

"ह्यांना नका सांगू," ती म्हणाली. मी सरकारी माणूस, गोपनीयता पाळणं माझं कर्तव्यच.

दसऱ्याच्या सुमारास दोघींची कार्डं आली. या वेळी मी दोन्ही स्वतः हातोहात दिली. मावशीनं कार्ड पदराला पुसलं, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाली, "फोटोत मी जराशी चांगलीच दिसून राह्यले." त्या दिवशी पळीत मिरची नव्हती, तुपाची धार होती. मी रजिस्टरात 'चव उत्तम' लिहिलं, या वेळी खरं.

दिवाळी झाली, कापूस घरात यायला लागला आणि आपलं इलेक्शन आलं. हवेत गारवा होता. मी पुन्हा लिंबाखाली. सकाळी मावशी पहिली आली नाही. मुद्दाम थांबली असणार, कारण फटफटी वाजली तशी तीही हिरव्या साडीत हजर झाली आणि धाकटीच्या मागं रांगेत उभी राहिली. शेजारी बाप्यांची रांग, तिच्यात काका.

आत पहिला अधिकारी एजंटांना ऐकू जावं म्हणून मतदाराचं नाव मोठ्यानं वाचतो, तशी पद्धतच आहे. धाकटी आत गेली. साहेबानं अनुक्रमांक वाचला आणि तिचं नाव पुकारलं. तिचं स्वतःचं. खिडकीतून शाळेच्या आवारभर ऐकू आलं.

"ओ साहेब, चूक झाली!" काका दारातून ओरडला. "हे नाव न्हाई माझ्या बायकोचं!"

साहेबानं फोटो बघितला, बाईकडं बघितलं. "बराबर आहे. पुढं व्हा ताई."

काका रांग सोडून तणतणत माझ्या टेबलापाशी आला. "मॅडम, माझ्या बायकोचं भलतंच नाव लावलं तुम्ही!"

मी चष्मा वर केला. अहो, या क्षणासाठी मी पावसाळाभर जीभ चावून बसले होते.

"असं का? बघू बरं. काका, या नावाच्या तुमच्या घरात किती बाया?"

रांगेतली माणसं कान देऊन ऐकत होती.

"...एकच."

"मंग झालं तर."

तेवढ्यात आतून दुसरं नाव पुकारलं गेलं. मावशीचं. काना-मात्रा न हलता. आणि मग जे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं: दोन्ही रांगांतल्या माणसांनी एकदम काकाच्या हाताकडं बघितलं. निळी अक्षरं उघड्यावर होती. त्यानं झटकन हाताची घडी घातली. तेव्हापासून काका पुऱ्या बाह्यांचा सदरा घालतो. मे महिन्यातसुद्धा. थंडी वाजते म्हणे.

मावशी बाहेर आली ती डाव्या हाताचं बोट वर धरून, वात पेटवल्यासारखी. थेट माझ्यासमोर.

"बघा. त्याचं एक, माझं एक."

"बराबर," मी म्हटलं, आणि मला काही कारण नसताना रडू आलं. मिरची नव्हती, काही नव्हतं. मी तिचा हात धरला. तिनंही धरू दिला. मग तिची नजर माझ्या बोटावर गेली.

"तुम्ही न्हाई टाकलं?"

"माझं इथं नाही ना मावशी. सासरच्या गावाला आहे नाव, बदनापूरकडं. मी भोकरदनला राहायला आले त्यालाच चौदा वर्षं झाली. मतदानाच्या दिवशी मी इथं बसलेली, तिकडं जाणार कधी?"

"मंग मे महिन्यात?"

"तेव्हाही नाही."

"त्याच्या मागल्या बारीला?"

मी पाण्याची बाटली शोधायला लागले. मावशी माझा हात सोडेना. तिनं माझं कोरं बोट धरून उन्हात उलटंसुलटं करून बघितलं, भाजी निवडताना बघावं तसं.

"तुमचं कोणी काढलं हो नाव?" तिनं विचारलं. खोचक नाही, अगदी काळजीनं.

मागं बाया चिठ्ठ्या घेऊन खोळंबल्या होत्या. मी म्हटलं, "पुढच्या या."

दुसऱ्या दिवशी शाळा भरली. फळ्यावर अजून मतदान केंद्राचा नंबर होता, तो मी पुसला. दुपारी बारा वाजता पळी पुढं आली.

"घ्या मॅडम, जगता का मरता बघा."

मी निर्धास्तपणे तोंडात घातली आणि कानातून वाफा निघाल्या. अख्खी. पहिल्यापेक्षा लांब.

"आता काय झालं हो मावशी? तुमचं झालं, तिचं झालं..."

"आठ नंबर भरला का?" मावशी म्हणाली. "दहा मिनिटांचं काम हाय म्हणं."